टेंबेबाईंचा दूषित नमुना

आमच्या मजल्यावरच्या टेंबेबाई कोणी भेटलं तर नमस्कार करत नाहीत, हवापाण्याचंही बोलत नाहीत. त्या चष्मा वर सरकवतात आणि विचारतात, "गेल्या सात दिवसांत आपण किमान एक तास काम केलंत का?"

हा प्रश्न त्या दूधवाल्याला विचारतात, वकिलाला विचारतात, आणि गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसालाही विचारतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी, एक डोळा झाकलेला आणि दुसऱ्यात औषध अशा अवस्थेत, त्यांनी डॉक्टरांनाही हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाई, हलू नका. घरी आल्यावर बाईंनी ते 'अपुरे उत्तर' म्हणून वहीत नोंदवून ठेवलं.

पण त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रश्न देवधरांच्या मुलाच्या लग्नातला. देवधर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. मुलगा आयटीत. स्टेजवर रांग लागली होती, फोटोग्राफर ओरडत होता, आणि बाई गुच्छ देऊन नवऱ्या मुलाला म्हणाल्या, गेल्या सात दिवसांत किमान एक तास? मुलगा हसला नाही. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं, मग बुटांकडे. शेजारी उभे असलेले सासरे म्हणाले, "म्हणजे काय?" रांग तिथेच थांबली. मुलाला कंपनीने चार महिन्यांपूर्वी काढलं होतं आणि ही गोष्ट लग्नापर्यंत दाबून ठेवायची असं देवधरांच्या घरात ठरलं होतं, हे आइस्क्रीम येईपर्यंत अख्ख्या हॉलला कळलं. लग्न मोडलं नाही, पण देवधरांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाईंच्या मनात काही नव्हतं. त्यांनी देवधरांच्या नावापुढे 'माहिती देण्यास नकार' असं लिहिलं आणि जिलबी छान होती असं मला लिफ्टमध्ये सांगितलं.

डॉ. विमल टेंबे या श्रमाच्या अर्थशास्त्रातल्या संशोधक. डेक्कनच्या बाजूच्या एका संस्थेत त्यांनी आयुष्य काढलं आणि तिथून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, असं संस्थेचं म्हणणं आहे. बाईंना ते मान्य नाही. कोणाला काम मिळतं, कोणाचं जातं, गेल्यावर तो माणूस काय करतो, हा त्यांचा विषय. लग्न केलं नाही. का, असं एकदा वर्षाने, म्हणजे माझ्या बायकोने, धीर करून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की तो एक धक्का टाळता येण्यासारखा होता.

'धक्का' हा त्यांचा लाडका शब्द. तुम्हीआम्ही 'श्रीखंड' हा शब्द जसा उच्चारतो, तसा त्या 'धक्का' उच्चारतात. कारखाना बंद पडणं हा धक्का. महामारी हा धक्का. नवीन यंत्र येणं हा धक्का. असा धक्का बसला की कोण तग धरतं आणि कोण पडतं हे पाहायला मिळतं, म्हणून शहरात काही बिघडलं की बाईंच्या चेहऱ्यावर तरतरी येते. आमच्यासमोरचा रस्ता खणला, बस दुसरीकडून वळवली आणि दुकानदार रडकुंडीला आले, तेव्हा बाई घडीचं स्टूल घेऊन नाक्यावर जाऊन बसल्या. उसाचा रसवाला, किल्ल्या करून देणारा आणि कपड्यांना इस्त्री करणारा असे तिघे त्या कोपऱ्यावर होते. आधी कोण हार मानतो, हे बाईंना पाहायचं होतं.

इस्त्रीवाल्याकडे बाई वर्षानुवर्षं साड्या देत. त्या तीन आठवड्यांत त्यांनी एकही साडी दिली नाही. स्वतः घरी इस्त्री केली, एका साडीला भोक पाडलं, पण दिली नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्या साड्यांमुळे तो टिकला तर निष्कर्ष खोटा ठरेल. निरीक्षकाने ढवळाढवळ करायची नसते, मेश्राम." इस्त्रीवाला चौथ्या आठवड्यात टेबल विकून बीडकडच्या गावाला निघून गेला. बाईंनी त्याच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात 'स्थलांतर' लिहिलं. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या दारातलं वर्तमानपत्र मी मुद्दाम पायाने बाजूला केलं. पुण्यात अठरा वर्षं काढल्यावर माणूस रागही असा बेतानेच व्यक्त करतो.

मेश्राम म्हणजे मी. मूळचा भंडाऱ्याचा. हे सांगितल्यावर देवधर अजूनही दर गणपतीत 'भंडारा म्हणजे जेवायचा की उधळायचा?' असा विनोद करतात आणि मी अजूनही हसतो. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्या त्याला लेखी कळवायच्या. या कामासाठी पुण्यासारखं शहर नाही.

बाई माणसांना नावापेक्षा आकड्यांनी ओळखत. सरकारी पाहणीत प्रत्येक प्रकारच्या माणसाला एक आकडा असतो म्हणे. नियमित पगारी नोकर म्हणजे एकतीस. स्वतःचा धंदा करणारा अकरा. बेकार म्हणजे एक्याऐंशी. पेन्शनवर जगणारा चौऱ्याण्णव. सोसायटीच्या सभेत बाई एकदा म्हणाल्या होत्या, इथे अकरा-एकतीस बोलतात आणि चौऱ्याण्णव भांडतात. त्या स्वतः चौऱ्याण्णव होत्या आणि त्याच सभेत तासभर भांडल्या होत्या.

मी अठरा वर्षं एकतीस होतो. मग आमच्या कंपनीने चुका स्वतःच शोधणारी एक यंत्रणा आणली. तिला काय चूक आणि काय बरोबर हे कळत नव्हतं, म्हणून माझ्या टीमने सहा महिने तिला शिकवलं. मी तर शनिवारीही शिकवलं. ती शिकली. एका मंगळवारी सकाळी एचआरच्या मुलीने व्हिडिओवर येऊन माझ्या इतक्या वर्षांच्या 'सुंदर प्रवासाबद्दल' आभार मानले. ती कागदावरून वाचत होती. 'मेश्राम'चा उच्चार तिने दोनदा चुकवला. चुका काढायची सवय, म्हणून मी दोन्ही वेळा दुरुस्त केला.

बातमी सोसायटीत पसरायला दीड दिवस लागला. आमच्या विंगमधले आयटीवाले मला पाहून लिफ्ट सोडायला लागले, जणू मला काही संसर्गजन्य झालं होतं. आमच्याकडे लिफ्ट एकच. त्यामुळे ती माणसं, ज्यांनी कधी पायरी पाहिली नव्हती, ती जिने चढायला लागली. माझ्यामुळे आठवडाभरात तिघांचं वजन उतरलं असावं. देवधरांनी मला गाठून प्राणायामाचे फायदे सांगितले. एका सद्गृहस्थांनी, मी नव्या संधीकडे पाहावं, असा संदेश पाठवला आणि मी नव्या संधीसाठी त्यांना फोन केला तेव्हा तो उचलला नाही. वर्षाच्या लॅबमधला पगार चालू होता, मुलगी बारावीत होती, त्यामुळे घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. आजारी माणूस झोपलेला असताना बोलतात तसं.

टेंबेबाई मात्र तिसऱ्याच दिवशी दारात उभ्या राहिल्या. चेहरा उजळलेला.

"मेश्राम, आपल्याला धक्का बसला असं ऐकलं. कधी बसला? तारीख नीट सांगा. 'साधारण' नको."

मी तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि दर रविवारी सकाळी नऊला येईन म्हणाल्या. येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही.

आणि त्या आल्या. पाठीमागे पुठ्ठा लावलेला एक छापील अर्ज, दोन पेनं, आणि स्वतःच्या घरून आणलेलं पाणी, कारण उत्तरं देणाऱ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही असा नियम. पहिला प्रश्न ठरलेलाच. मग, काम शोधलंत का? कसं शोधलंत? किती ठिकाणी विचारलंत? किती कमी पगारावर तयार व्हाल? या शेवटच्या प्रश्नाला मी पहिल्या रविवारी ताठ मानेने एक आकडा सांगितला. बाईंनी तो लिहिताना किंचित हसल्यासारखं केलं. दुसऱ्या महिन्यात मी तो खाली आणला, तिसऱ्या महिन्यात आणखी खाली. बाई समाधानाने म्हणाल्या, अगदी अपेक्षेप्रमाणे. मुलाखतीत मला नाकारणाऱ्यांनीही माझा इतका अपमान केला नव्हता.

एकदा त्यांनी मला व्रणाचा सिद्धांत समजावून सांगितला. वाईट काळात ज्यांची नोकरी जाते त्यांना पुढे काम मिळालं तरी तो काळ त्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं राहतो, पगार मागे पडतो, तब्येत बिघडते, इतर सगळं स्थिर धरलं तर. हे त्या पाणी पीत पीत सांगत होत्या. आतून वर्षा बाहेर आली. ती सहसा कोणाला लागेल असं बोलत नाही. तिने विचारलं की या घरात कोणतीच गोष्ट स्थिर नाहीये, हे तुम्हाला दिसतंय का, आणि तुम्ही नक्की कशाला येता?

बाई गडबडल्या नाहीत. "मी व्रण पाहते," त्या म्हणाल्या. "मलम लावणं हे माझं शास्त्र नाही."

त्या गेल्यावर वर्षाने मला बजावलं की पुढच्या रविवारी दार उघडायचं नाही. मीही, नाही उघडणार, असं म्हणालो. रविवारी नऊला बेल वाजली आणि मी दार उघडलं. वर्षा माझ्याकडे पाहून स्वयंपाकघरात निघून गेली. तिला मी काय सांगणार होतो? सोमवार ते शनिवार मी दाढी करत नव्हतो. रविवारी साडेआठला करत होतो. आठवडाभरात माझी कोणाशी ठरलेली भेट असेल तर ती एवढी एकच असायची.

असे पाच महिने गेले. पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी बाईंनी अर्जाच्या दुसऱ्या पानावरचा प्रश्न विचारला. गेल्या सात दिवसांत कामाच्या निमित्ताने किंवा अन्यथा आपण घराबाहेरच्या किती माणसांना भेटलात? ओळखींतून नोकऱ्या कशा मिळतात याचा अंदाज घ्यायला तो प्रश्न होता. आधीच्या रविवारी मी काहीतरी आकडा ठोकून देत असे. त्या दिवशी खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. मी आठवून पाहिलं. भाजी ऑनलाइन येत होती, अर्ज ऑनलाइन जात होते, नकारही ऑनलाइन येत होते.

"तुम्हाला," मी म्हणालो.

बाईंनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पेनाचं टोपण लावलं. अजून दीड पान बाकी होतं. त्या उठल्या, आज एवढंच, म्हणाल्या आणि पाण्याची बाटली आमच्याच टेबलावर विसरून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी दोन्ही वेळा दाढी करून बसलो होतो. बाटली नेऊन द्यायला गेलो तर त्यांनी दार अर्धवट उघडून ती घेतली, धन्यवाद म्हणाल्या आणि दार लावलं. प्रश्नही विचारला नाही. मला वाटलं, बेकारांच्या यादीतही माझी निवड टिकली नाही. वर्षाला आनंद व्हायला हवा होता, पण तीही म्हणाली की म्हातारीचं काही बिनसलंय का बघा.

त्याच आठवड्यात मला धायरीहून एक फोन आला. काळे नावाचे गृहस्थ. पंपांचे सुटे भाग बनवण्याचं त्यांचं छोटं वर्कशॉप. मोठी गिऱ्हाइकं आता प्रत्येक भागाच्या तपासणीची नोंद कॉम्प्युटरवर मागत होती आणि ते जमवून देणारा, शिवाय माल डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस त्यांना हवा होता. नंबर कोणी दिला, असं मी विचारलं. मिळाला कुठूनतरी, ते म्हणाले.

मी स्कूटर काढून गेलो. पत्र्याची शेड, सहा मशिनं, तेलाचा वास. काळे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी माझा बायोडेटा पाहिला नाही. हातात एक पितळी भाग दिला आणि यात काय चुकलंय सांगा म्हणाले. मी तो फिरवून पाहिला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एका बाजूची कड दुसऱ्या बाजूसारखी नव्हती, एवढं दिसत होतं. मी तसं सांगितलं. "मग या उद्यापासून," ते म्हणाले. पगार माझ्या शेवटच्या रविवारच्या आकड्यापेक्षाही थोडा कमी होता. मी तिथेच हो म्हणालो. घरी येऊन वर्षाला सांगितलं. तिने फक्त टीव्हीचा आवाज पूर्वीइतका मोठा केला.

वर्कशॉपला सुट्टी गुरुवारी. रविवारी काम चालू. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी डबा खाताना काळ्यांनी विचारलं, "बाई बऱ्या हायेत का?"

कोणत्या बाई, मी विचारलं.

काळे चपापले. मग भाकरी मोडत म्हणाले, "आता निघालंच तोंडातून. टेंबेबाई. सांगू नको म्हनल्या व्हत्या. मानूस चुका काढनारा हाय, तुला उपेगी पडंल, पर माजं नाव घेऊ नको."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी भोसरीकडचा त्यांचा कारखाना बंद पडला. काळे तिथे लेथवर होते. बंद झाल्यावर सहा महिन्यांनी टेंबेबाई पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेल्या, हाच अर्ज घेऊन, आणि नंतर दर सहा महिन्यांनी जात राहिल्या. दुसऱ्या वर्षी घरात फारच ओढाताण होती. काळ्यांच्या बायकोने बाईंचे पाय धरले, म्हणाली, तुम्ही मोठ्या शिकलेल्या, कोणाला तरी एक शब्द टाका. बाई म्हणाल्या, मला तसं करता येत नाही. आणि उठून गेल्या.

"बायकू म्हनली, ही परत आली तर दार उघडू नगा," काळे म्हणाले. "म्या उघडलं. दुसरं कोन येत व्हतं? युनियनवालं न्हाई, भावकी न्हाई. ही बाई सहा महिन्यांनी बरुबर यायची. तेच इचारायची. राग यायचा, पर यायची."

संस्थेचा तो अभ्यास केव्हाच संपला होता. अहवाल छापून झाला, कपाटात गेला. बाई अजून त्या यादीतल्या माणसांना फोन करतात, असं काळे म्हणाले. जे राहिलेत त्यांना. पण इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही कोणासाठी शब्द टाकला नव्हता. काळ्यांना फोन आला तेव्हा त्यांना आधी वाटलं, बाईंच्या डोक्यावर काही परिणाम झाला.

त्या गुरुवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. अठरा वर्षांत त्यांच्या घरात मी आत कधी गेलो नव्हतो. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या शर्टावरचा ऑइलचा डाग पाहून म्हणाल्या, "काळे बडबड्या आहे."

आत टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. मी काही विचारायच्या आत त्यांनी त्यातून माझे कागद काढले. वीसेक रविवारांचे. प्रत्येकावर लाल शाईने आडवी रेघ आणि सगळ्यात वरच्या पानावर सुवाच्य अक्षरात, 'नमुना दूषित. निरीक्षकाचा हस्तक्षेप. वगळावा.' खाली सही आणि तारीख. ती तारीख मी 'तुम्हाला' म्हणालो त्या रविवारचीच होती. म्हणजे आमच्या घरातून उठून त्या इथे आल्या, काळ्यांना फोन केला आणि मग स्वतःवर ठपका ठेवून सही केली. फोन त्या रविवारी केला, पण काळ्यांना विचार करायला दोन आठवडे लागले. काळ्यांना प्रत्येक गोष्टीला दोन आठवडे लागतात.

"पाच महिन्यांची माहिती फुकट गेली," बाई म्हणाल्या. "चांगली माहिती होती."

मी आभार मानायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि हे पुन्हा कधीही, कोणाकडेही बोलायचं नाही असं बजावलं. मग बसा म्हणाल्या. मी बसलो. त्याही समोर बसल्या. आणि पुढे काय करायचं हे दोघांनाही सुचेना. त्यांचे हात टेबलावर होते, रिकामे. उजवा हात मधूनच पेन शोधल्यासारखा हलायचा आणि परत यायचा. पंख्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, विचारा ना मॅडम काहीतरी.

"अर्जातलं आता विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "अर्जाबाहेरचं मला जमत नाही."

हे त्यांनी एखादा निष्कर्ष सांगावा तसं सांगितलं. मी चुळबुळत राहिलो. शेवटी मीच विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? पुण्यात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, पण तो दुसऱ्या कोणाला विचारायची माझी पहिलीच वेळ होती.

का, असं त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, इथल्याच. बुधवार पेठेतल्या. वडील एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आणि मग त्या बोलत राहिल्या, माझ्याकडे न पाहता. छापखान्यात नवीन यंत्रं आली आणि वडिलांना घरी बसवलं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. वडील रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. समोरून रोज शेकडो माणसं जायची, निम्मी ओळखीची. ओळखीची माणसं त्या गॅलरीखाली आली की चालण्याचा वेग वाढवायची. बरोबर काम करणारे तर पलीकडच्या बाजूने जायला लागले. अशी दोन वर्षं गेली.

"आम्हाला मदत नको होती," बाई म्हणाल्या. "कोणी काही विचारलं नाही हो. नुसतं वर येऊन विचारलं असतं तरी चाललं असतं."

पुढे वडिलांचं काय झालं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिल्या. चहा घेऊन आल्या तो फार गोड होता. दुसऱ्यासाठी चहा करायची सवय नसावी. मी तो संपवला. आता एकमेकांच्या घरचं प्यायला आम्हा दोघांनाही कोणत्याच नियमाची आडकाठी नव्हती.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. रविवारी आता आपण घरी नसता, असं म्हणाल्या. मी म्हणालो, नाही, आमची सुट्टी गुरुवारी. पुढच्या गुरुवारी येईन, वर्षाची लॅबमधली पाळी दुपारची असली तर तिलाही आणीन.

"गुरुवार मला चालतो," त्या म्हणाल्या.

मी माझ्या दाराशी पोचून किल्ली काढली, तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. बाई अजून तिथेच उभ्या होत्या.

"वर्षाताईंना सांगा, तसा बुधवारही चालतो. शुक्रवारही."